तार बदलायची वेळ

तार तुटत नाही तोवर ती बदलायची नाही, हा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या गिटारवाल्यांचा कित्येक वर्षांचा रिवाज. मोर्णा नदीच्या पश्चिमेला, असदगड आणि राजराजेश्वर मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत एका वादकाची उभी हयात गिटार वाजवण्यात, शिकवण्यात आणि दुसऱ्यांच्या गिटारींना तारा चढवून देण्यात गेली. या रिवाजामागची दोन्ही कारणं त्यांना चांगली ठाऊक आहेत. एक पैशाचं. दुसरं मनाचं, आणि तेच जास्त चिवट. परिसरात त्यांना सगळे सर म्हणतात. इथेही तसंच म्हणू.

सरांनी गिटार हातात घेतली ती वाद्यवृंदांच्या भरभराटीच्या काळात. त्यांच्या आधीच्या पिढीला गिटार म्हटलं की हवाईयन गिटार आठवायची: मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवत वाजवायची. व्हॅन शिपली यांच्या तबकड्यांनी ती लोकप्रिय केली, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत वाजवून दाखवलं. पुढे १९७३ साली ‘यादों की बारात’ आला. खांद्याला गिटार अडकवून गाणारा तरुण पडद्यावर दिसला आणि गावोगावची पोरं उभ्या गिटारीच्या मागे लागली. अकोला मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे. कोलकात्यात बनलेल्या स्वस्त गिटारी पूर्वेकडून यायच्या आणि चांगल्या तारा पश्चिमेकडून. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला कोणी निघालं की त्याच्याकडे चिठ्ठी दिली जायची. धोबी तलावाच्या फुर्टाडोजमधून, १८६५ पासून चालत आलेल्या त्या दुकानातून, तारांचा सेट मागवला जायचा. तो येईपर्यंत आहे त्यावर भागवायचं.

सेट कमी आणि सुट्या तारा जास्त, असा तो काळ. सहा तारांपैकी सगळ्यांत बारीक, म्हणजे पहिली तार, वरचेवर तुटायची. तेवढीच एक विकत आणायची आणि बाकीच्या पाचांना हात लावायचा नाही. सरांच्या कानाला पहिला धडा मिळाला तो इथे. नवी पहिली तार खणखणीत वाजायची आणि तिच्याशेजारची जुनी दुसरी गळा बसल्यासारखी. एकच स्वरसंगती छेडली तरी त्यात दोन वयांचे आवाज ऐकू यायचे. वाद्यवृंदात ढोलक, कोंगो आणि ऑर्गनच्या गदारोळात ते कोणाच्या लक्षात येत नसे. रात्री कार्यक्रम आटोपून घरी परतल्यावर एकट्याने वाजवताना मात्र ते टोचायचं.

मग प्रश्न पडायचा, की बाकीच्या पाच तारांचा आवाज असा बसला कधी? त्या काही एका दिवसात जुन्या झाल्या नव्हत्या. तार रोज इतकीशी मंद होते की रोज वाजवणाऱ्याला ते कळतच नाही. कान तिच्याबरोबर खाली उतरत जातो. या व्यवसायाने सरांना काय शिकवलं, असं विचारलं तर ते पहिल्यांदा हेच सांगतात: आपल्या तारा जुन्या झाल्यात की नाही, हे ठरवायला आपला स्वतःचा कान हा सगळ्यांत कच्चा साक्षीदार असतो.

तार मंद होते म्हणजे काय, हे समजायला त्यांना बरीच वर्षं लागली. गिटारीच्या जाड तारांमध्ये पोलादाचा गाभा असतो आणि त्याभोवती कांस्याची किंवा पितळेची बारीक तार घट्ट गुंडाळलेली असते. बोटांचा घाम, तेलकटपणा आणि कातडीचे सूक्ष्म कण त्या वेढ्यांच्या खाचांत जाऊन बसतात. तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही. जिथे फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, ती रोज दाबली जाते, तिथे खालच्या अंगाला चपटे डाग पडतात. वजन असमान झालं की मूळ स्वर आणि त्याचे उपस्वर यांचं गणित विस्कटतं. आवाजातली चमक जाते आणि सूरही धड लागत नाही: मोकळी तार बरोबर मिळवली तरी बाराव्या फ्रेटवर ती थोडी चढी किंवा उतरी बोलते. ‘गिटार सुरात राहत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या कित्येक गिटारींना निव्वळ नव्या तारांनी बरं केल्याचं सर सांगतात.

पण तारा बदलू म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा. “कायले बदलवता सर, अजून तुटली कुठं?” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं आहे की ते वऱ्हाडातल्या गिटारवाल्यांचं ब्रीद म्हणून छापता येईल.

त्या भीतीमागे एक समज होता. सगळ्या तारा एकदम काढल्या तर गिटार बिघडते, असं जुने लोक सांगायचे. सरांनी आधी ते मुकाट्याने मान्य केलं, मग पुस्तकांत आणि मुंबईच्या कारागिरांकडे उलट ऐकलं: साध्या गिटारीच्या सहाही तारा सफाईसाठी तासभर काढून ठेवल्या तर मानेला काही होत नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हे त्यांना स्वतःच्या हाताने काम केल्यावर कळलं. त्या काळच्या अनेक स्वस्त गिटारींचा ब्रिज, म्हणजे तारा पेलणारी घोडी, खालच्या फळीला चिकटवलेला नसे. तारा मागच्या पत्र्याच्या पट्टीला अडकवलेल्या असत आणि ब्रिज केवळ त्यांच्या दाबाने जागेवर उभा असे. सहाही तारा सैल केल्या की तो आडवा पडे. पुन्हा ठेवताना अर्ध्या सेंटिमीटरचा जरी फरक झाला, तरी वरच्या फ्रेटवरचे सगळे सूर फसत. जुन्या लोकांचा अनुभव त्यांच्या गिटारीपुरता अगदी बरोबर होता.

अशा गिटारीला तारा चढवायची रीत सरांनी स्वतः बसवली. आधी पेन्सिलीने ब्रिजच्या पायाशी बारीक खूण करायची. मग एकेक तार काढून तिच्या जागी नवी लावायची. सहावी, म्हणजे सगळ्यांत जाड तार आधी. तिचं टोक खुंटीच्या भोकातून ओवायचं, दोन-तीन वेढे बसतील इतकी ढील ठेवायची, टोक मागे मुडपून धरायचं आणि खुंटी फिरवायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली बसला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. तार ताठ झाली की बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून घंटेसारखा स्वर काढायचा, मग तिथेच तार दाबून वाजवायची. दाबलेला स्वर चढा आला तर ब्रिज किंचित मागे, उतरा आला तर किंचित पुढे. हे दोन स्वर जुळेपर्यंत बोटाच्या टोकाने ब्रिज केसाएवढा सरकवत राहायचं. समोर बसलेल्या पोराला हे काम कंटाळवाणं वाटतं. सरांना मात्र आपल्या सगळ्या कामातला हाच भाग सगळ्यांत प्रिय आहे, कारण इथे हात, कान आणि लाकूड एकाच वेळी एकमेकांशी बोलतात.

पैशाची ओढाताण होती तेव्हा तारा उकळायचीही पद्धत होती. जाड तारा उतरवून पाण्यात टाकायच्या, दहा-पंधरा मिनिटं उकळायच्या, कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा चढवायच्या. वेढ्यांतला मळ सुटून येतो आणि आवाज काही दिवस परत उजळतो. हा काही केवळ गरिबीचा उपाय नव्हे. अमेरिकेत एडी व्हॅन हेलनसारखा नामांकित वादकही तारा उकळून वापरत असे. मात्र धातूचा थकवा उकळून जात नाही. एकदा पिळलेली तार उलगडून पुन्हा पिळली की खुंटीजवळ तुटायला बसलेली असते. पुढे सेट सहज मिळू लागले आणि सरांनी हा प्रकार सोडून दिला.

मनाचं कारण त्यांना सर्वांत स्पष्ट दिसलं ते एका विद्यार्थ्यामुळे. मुलगा मेहनती होता. वर्षभर त्याच तारांवर रियाज करून त्याने चार-पाच गाणी बसवली होती. स्नेहसंमेलनासाठी म्हणून सरांनी त्याच्या गिटारीला नवा सेट चढवून दिला. दोन दिवसांनी तो रडवेला होऊन आला. “सर, माह्यं वाजवणंच बिघडलं. जुन्या तारा परत लावून द्या ना.” सरांनी त्याला वाजवायला सांगितलं. वाजवणं काहीच बिघडलं नव्हतं. अर्धवट दाबली गेलेली तार, शेजारच्या तारेला लागलेलं बोट, स्वरसंगती बदलताना राहून गेलेली फट, हे सगळं आधीपासून होतंच. जुन्या तारांनी त्यावर पांघरूण घातलं होतं. नव्या तारांनी ते काढलं.

त्या दिवसापासून सरांची शिकवण्याची पद्धत बदलली. त्याआधी ते नवशिक्यांना मिळेल त्या तारांवर वाजवू देत. आता नवशिक्याला ते आवर्जून नव्या तारा लावतात, त्याही बारीक मापाच्या, म्हणजे बोटं सोलत नाहीत आणि चूक लपत नाही. त्या मुलाच्या जुन्या तारा त्यांनी परत लावल्या नाहीत. त्याच्याशेजारी बसून एकेक स्वरसंगती सावकाश, तार-तार वेगळी छेडून वाजवून घेतली. संमेलनाच्या दिवशी तो चांगला वाजला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुढे आपल्या तारा जुन्या झाल्याचं तो सरांच्या आधी सांगू लागला.

नवी तार आवडते किंवा नावडते, त्यात वादकाला स्वतःला किती स्पष्ट ऐकायचं आहे हे बहुतेक वेळा दडलेलं असतं, असं सरांचं मत या घटनेने पक्कं केलं. पण ते मत सरसकट लावता येत नाही, हेही त्यांना कामानेच दाखवलं.

जुन्या शहरातच भजनी मंडळांच्या पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करणारे एक चाचा होते. सरांचं त्यांच्याकडे येणं-जाणं होतं. चाचा तंबोऱ्याला नव्या तारा चढवत आणि मग तो तंबोरा तसाच भिंतीला टेकवून ठेवत. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणत, “अभी तार कच्ची है, बैठने दो.” तार खेचली जाऊन, वेढे आवळून, घोडीवर नीट बसेपर्यंत जवारी काढायची नाही, हा त्यांचा दंडक. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलाईचा असतो, तार त्यावर घासत कंप पावते आणि त्यातून उपस्वरांचा तो भरगच्च गुंजारव उठतो; तीच जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा-तंबोऱ्यांवर लिहिलं तेव्हा हेच दाखवलं होतं: तार अशा जागी छेडली की नेहमीच्या नियमाने एखादा उपस्वर उमटायलाच नको, तरी या वाद्यांत तो उमटतो. मिरजेच्या कारागिरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने साधलं आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांकडून सरांनी घेतलं ते धीर धरणं. नवी तार चढवली म्हणजे काम संपलं नाही, ती बसली पाहिजे.

या धीराची खरी गरज एप्रिलमध्ये पडते. १४ एप्रिलच्या भीमजयंतीच्या आगेमागे अकोल्यात भीमगीतांचे कार्यक्रम रात्र-रात्र चालतात. वऱ्हाडातल्या वादकांचा तो सुगीचा हंगाम. एका वर्षी वाद्यवृंदातल्या एका सहकाऱ्याने कार्यक्रमाच्या संध्याकाळीच सहाही तारा बदलल्या. दिवसभर तापलेलं मैदान, डोक्यावर दिव्यांची धग. पहिल्या गाण्यात गिटार छान झळकली. दुसऱ्या गाण्यापासून ती उतरायला लागली. नव्या तारेची खुंटीवरची ढील अजून आवळली जात होती, त्यात उष्णतेने पोलाद लांबावत होतं. ऑर्गनचा सूर पक्का, तो काही खाली येत नाही. प्रत्येक निवेदनाच्या आडून बिचारा खुंट्या पिळत होता. मध्यरात्रीनंतर हवा गार झाली तेव्हा उलट प्रकार: तारा चढू लागल्या.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि श्रावणात, पूर्णा नदीचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात तेव्हा, हवा दमट असते. लाकूड उन्हाळ्यात सुकून आकसतं, पावसाळ्यात फुगतं. अशा गावात नव्या तारा निदान दोन दिवस आधी चढवायच्या, बोटांनी हलकेच ओढून-ओढून पुन्हा सुरात आणायच्या, हा नियम सरांनी तेव्हापासून कधी मोडला नाही. बारीक मापाच्या पूर्ण सेटचा गिटारीवर एकूण ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो. ०.३ मिलिमीटर जाडीची एकटी पहिली तारच दहा किलोंच्या घरात ताण पेलते. एवढा ताण लाकडावर नव्याने येतो तेव्हा त्यालाही सावरायला वेळ द्यावा लागतो.

दुसरा धडा ध्वनिमुद्रणाचा. शहरात घरगुती स्टुडिओ झाले तेव्हा एका भीमगीताला साथ करायला सर गेले होते. तारा ताज्या बसलेल्या, सूर पक्का, सगळं मनासारखं. ध्वनिमुद्रण ऐकलं तर प्रत्येक बदलाच्या वेळी बोटं जाड तारांवरून सरकल्याची किंचाळी गायकाच्या आवाजावर चढलेली. नव्या वेढ्यांची धार शाबूत असल्याने तो आवाज जास्त येतो. मुद्रण करणाऱ्या तरुणाने भीत-भीत विचारलं, “दादा, दुसरी एखादी वाजलेली गिटार आहे का?” महिना-दीड महिना वाजवलेली गिटार आणली आणि काम झालं. गायकाचे शब्द पुढे आले, गिटार मागे राहून आधार देत राहिली.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या असंख्य गाण्यांवर बेस गिटार वाजवणारा जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे, हे सरांना पुढे वाचनात आलं. जुन्या शहराचाच रिवाज! त्याचा तो गोल, दबका, उबदार स्वर जुन्या तारांशिवाय निघालाच नसता. म्हणजे जुनी तार हा दरवेळी आळस नसतो. कधी ती निवड असते. फरक एवढाच, की जेमर्सनला आपण काय ऐकतो आहोत हे पक्कं माहीत होतं.

नव्या तारेबद्दलची कुरकुर प्रत्येक पिढीने केली आहे. एके काळी अभिजात गिटारीला जनावरांच्या आतड्याची तात लावत. आपल्याकडेही तात अनोळखी नाही: कापसाच्या या मुलखात पिंजारी गल्लीत आला की त्याच्या धनुकलीच्या तातेचा टणत्कार घराघरांत पोहोचायचा. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तात लागू लागली आणि वादकांना ती मिळेनाशी झाली. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या आणि आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या स्वीकारल्या. पोलादी तारांच्या गिटारीत १९७४ मध्ये फॉस्फर ब्राँझ आलं, १९९७ मध्ये पातळ थराने मढवलेल्या एलिक्सर तारा. मढवलेल्या तारांत घाम आणि मळ शिरत नाही, त्यामुळे त्या बऱ्याच जास्त टिकतात; किंमतही तशीच.

सरांकडे शिकणाऱ्या दोन भावांना हा थर वरदान ठरला, निदान एकाला. दोघांच्या गिटारी सारख्या, तारा एकाच दिवशी चढवलेल्या. धाकट्याच्या तारा तीन महिने तजेलदार राहिल्या, थोरल्याच्या पंधरवड्यात काळ्या पडल्या. मेहनत दोघांची सारखीच. काहींच्या घामाने धातू लवकर गंजतो, त्यात कोणाचा दोष नाही. थोरल्याला वाटायचं, आपल्यालाच काही जमत नाही. मढवलेल्या तारा घेतल्यावर ती खंत गेली. ज्यांना त्या परवडत नाहीत त्यांना सर सुती फडकं देतात. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसायची, आधी हात धुऊन मगच गिटार उचलायची. एवढ्यानेही तारांचं आयुष्य पुष्कळ वाढतं.

आता सेट मोबाइलवरून मागवता येतो आणि दोन-चार दिवसांत दारात येतो. पैशाचं कारण बरंचसं मावळलं, मनाचं राहिलं. अजूनही मुलं “आपली गिटार परकी लागून राह्यली” म्हणत येतात. सर त्यांना समजावत बसत नाहीत. त्यांच्या खोलीत एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन गिटारी आहेत. एकीच्या तारा नेहमी ताज्या, दुसरीच्या भरपूर वाजवलेल्या. तारा बदलाव्यात की नाहीत अशा पेचात पडलेल्याने आधी आपली गिटार वाजवायची, मग या दोन्हींवर तेच गाणं. खर्जापासून वरपर्यंत एकेक मोकळी तार छेडायची, ती विझेपर्यंत थांबायचं. ताज्या तारेचा स्वर किती वेळ टिकतो आणि आपल्या तारेचा किती, हे मुलांना मोजून सांगावं लागत नाही.

बहुतेक जण सेट घेऊन येतात. काही येत नाहीत. चर्चच्या गानवृंदाला साथ करणारी एक मुलगी दोन्ही गिटारी ऐकून म्हणाली, की उपासनेत सगळ्यांच्या गळ्याखाली राहील असाच आवाज तिला हवा. तिने जुन्याच तारा ठेवल्या. भीमगीतांच्या साथीला जाणाऱ्या तिच्या वर्गमित्राने नवा सेट निवडला आणि तो मार्चच्या अखेरीस, हंगामाच्या आधी चढवायचं ठरलं. सरांनी दोघांच्याही निवडी आपल्या वहीत टिपून ठेवल्या, तारांच्या मापासकट, आणि पुढच्या मागणीत दोघांच्या नावापुढे वेगवेगळा आकडा लिहिला.